चित्रं आणि हस्तकला एकाच दालनात: आधी उजेड मोजा, मग भिंती वाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात छोटं कलासंग्रहालय आहे. तिथे गणपतीनंतर दोन नवी प्रदर्शनं भरवायची आहेत, एक जिल्ह्यातल्या चित्रकारांचं आणि दुसरं हस्तकलांचं. दालन मात्र एकच, 60 फूट बाय 24 फूट. दार दक्षिणेला, पश्चिमेच्या भिंतीत तीन मोठ्या खिडक्या. चित्रं 46, त्यातली साधारण निम्मी जलरंगातली, बाकी तैलरंगातली. त्यातच एका जुन्या वाड्यातून उसनी आणायची दोन तैलचित्रं. हस्तकलेत मिरजेचे दोन तंबोरे, एक सतार, सहा घोंगड्या, बुरुडकाम, कुंभारकाम आणि तांब्याची भांडी. कमिटीत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो मधोमध पडदा घालून दोन भाग करा, दुसरा म्हणतो सगळं मिसळून मांडा. आणि विचारणाऱ्या मॅडमची खंत अशी की मागच्या वेळी हस्तकलेच्या टेबलांपुढे येऊन लोकांनी ‘केवढ्याला?’ याशिवाय काही विचारलं नाही.

मॅडम, मी बरीच वर्षं सांगली-सातारा-कोल्हापूर या पट्ट्यात प्रदर्शनांच्या मांडणीचं काम करतोय, त्या अनुभवावरून लिहितो. तुमचं दालन मी पाहिलेलं नाही. भिंती चुन्याच्या आहेत की सिमेंटच्या, छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, रात्री राखण करायला माणूस असतो की नाही, यावर बऱ्याच गोष्टी ठरतील. तसं असेल तिथे मी तसं सांगेन.

आधी त्या ‘केवढ्याला?’बद्दल. यात लोकांची काही चूक नाही. टेबलावर सॅटिनचं कापड, त्यावर पाच तांबे, सात सुपं ओळीने, मागे खुर्ची टाकून कोणीतरी बसलेलं. ही मांडणी दुकानाची आहे, मग आलेला माणूस गिऱ्हाईक होणारच. त्याच दालनात चित्राला मात्र फ्रेम, स्वतंत्र दिवा, चित्रकाराचं नाव, वर्ष. हस्तकलेच्या टेबलावर चिठ्ठी काय तर ‘घोंगडी, लोकर’. कोणी विणली, कुठे विणली, पत्ता नाही. तेव्हा पडदा घातला काय आणि न घातला काय, हा भेद तसाच राहील. मिसळून मांडलं तरी राहील, कारण चित्र भिंतीवर आणि टोपली त्याच्या पायाशी, म्हणजे टोपली सजावटीची होऊन बसते.

तुमचे दोन्ही गट वाटणी एकाच पद्धतीने करताहेत: हे चित्र, ती हस्तकला. मी वाटणी वेगळी करतो. कुठली वस्तू किती उजेड आणि किती ओल सोसते, हे आधी बघतो. हे ठरलं की कुठल्या भिंतीवर काय येणार हे जवळजवळ आपोआप ठरतं, आणि गंमत म्हणजे चित्रं-हस्तकला आपोआप मिसळतात, तेही कारणासकट.

उजेडाचं माप लक्समध्ये मोजतात. संग्रहालयांत साधारण सर्वमान्य असलेला हिशोब असा: जलरंग, छापील कागद, रंगवलेलं कापड, लोकर यांना 50 लक्सच्या आसपास. तैलरंग, लाकूड, बांबू यांना 200 पर्यंत. माती, दगड, धातू यांना उजेडाचं भय नाही. आता तुमच्याच यादीकडे बघा. जलरंग आणि घोंगडी एका गटात आले. तैलचित्रं, तंबोरे, सतार आणि सुपं-टोपल्या दुसऱ्या गटात. गाडगी-मडकी आणि तांब्याची भांडी तिसऱ्या गटात. कमिटीला हे सांगा, भांडण निम्मं तिथेच मिटेल.

लक्स मीटर दोन हजारांच्या आत-बाहेर मिळतो, तो घ्याच. मोबाइलमधलं ॲप ढोबळ अंदाजाला ठीक आहे, पण दोन फोन दोन आकडे दाखवतात. मोजताना मीटरचा डोळा छताकडे धरू नका. चित्र जिथे टांगायचं त्या भिंतीला तो सपाट टेकवा, तोंड दालनाकडे, आणि सकाळी, दुपारी, चार वाजता असं तीनदा मोजा. पश्चिमेच्या खिडक्या आहेत म्हणजे चारचा आकडा बघून तुम्ही दचकाल.

एवढा काटेकोरपणा दोन महिन्यांच्या प्रदर्शनाला कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. हिशोब करून दाखवा. 50 लक्समध्ये चित्र रोज आठ तास, 60 दिवस राहिलं तर त्याच्या अंगावर 24,000 लक्स-तास उजेड पडतो. तेच चित्र खिडकीजवळ सरासरी 2000 लक्समध्ये राहिलं तर 9,60,000, म्हणजे चाळीसपट. नीट ठेवलेल्या चित्राने साडेसहा वर्षं भिंतीवर रोज लटकून जेवढा उजेड खाल्ला असता, तेवढा तुम्ही त्याला एका प्रदर्शनात खाऊ घातला. आणि उजेडाने गेलेला रंग परत येत नाही. ओल वाळवता येते, फाटलेला कागद जोडता येतो, पण उडालेल्या रंगावर इलाज नाही.

खात्री करायची असेल तर कुणाच्या घरातलं वीस-तीस वर्षं भिंतीवर असलेलं जलरंगचित्र फ्रेमवाल्याकडे नेऊन उघडायला सांगा. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, कडेची अर्धा इंच पट्टी झाकलेली असते. उघड्या भागातलं संध्याकाळचं आकाश राखाडी झालेलं असतं आणि त्या पट्टीत तेच आकाश लालसर-जांभळं, जसं चित्रकाराने रंगवलं तसं. किरमिजी छटा सगळ्यात आधी जातात. मी कमिट्यांना भाषण देण्याऐवजी असं एखादं चित्र उघडून दाखवायला लावतो.

आता क्रम. सांगलीच्या दुपारच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला 50 लक्स म्हणजे काळोख वाटतो. डोळे रुळायला काही मिनिटं जातात. म्हणून अंधारं ते आत आणि उजळ ते दाराशी. तुमच्याकडे दार दक्षिणेला आहे, तर पहिल्या 15-20 फुटांत कुंभारकाम आणि तांब्याची भांडी येऊ देत. तिथली खिडकी उघडी राहिली तरी चालेल. उलट मठारलेल्या तांब्यावर कडेने येणारा दिवसाचा उजेड पडला की हातोडीचा एकेक ठोका मोजता येतो, ते कुठल्याही दिव्याने साधत नाही. मधल्या भागात तैलचित्रं आणि वाद्यं, बुरुडकामही तिथेच. शेवटच्या भागात जलरंग आणि घोंगड्या. आतल्या दोन खिडक्या प्लायने बंद करा, प्लायला भिंतीचाच रंग द्या, पण वर-खाली चार बोटं फट ठेवा, नाहीतर आत ओल कोंडेल. पडद्याचं कापड आणून झालंच असेल तर ते पहिल्या खिडकीला दुहेरी लावा, दुपारी तीननंतर ओढायला.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एकदा औंधला जाऊन या. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी 1938 मध्ये ते उघडलं. राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, हेन्री मूरचं दगडातलं मायलेकराचं छोटं शिल्प आहे, आणि त्याच छताखाली हस्तिदंती आणि लाकडी कोरीवकामही आहे. त्या माणसाला चित्र आणि कारागिरी वेगळी करावीशी वाटली नाही. तिथे गेलात की चित्रांपेक्षा आधी उजेड कुठून येतो ते बघा: डोळ्यावर न येता तो चित्रावर कसा पडतो. कमिटीतल्या दोन्ही गटांना एकाच गाडीतून न्या.

ओलीचं प्रकरण उजेडापेक्षा जास्त परिस्थितीवर अवलंबून आहे. सातारा जिल्ह्याचंच बघा, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. एकच सल्ला दोघांना कसा लागू पडणार? सांगली जिल्ह्यातही शिराळ्याची हवा आणि जतची हवा सारखी नाही. म्हणून हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर आणा, दालनात आजपासूनच ठेवा आणि वहीत रोज आकडा लिहा. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या पुढे बरेच दिवस राहिली की कागदावर, माउंटवर, तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या आत बुरशी धरते. 45 ते 60 च्या मध्ये राहिली तर निर्धास्त राहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा रोज वर-खाली उड्या मारता कामा नये. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार लाकडाला आणि कॅनव्हासला सततच्या दमटपणाहूनही वाईट. रात्रभर चालवणं परवडत नसेल तर एसी लावूच नका, पंखे आणि हवा खेळती ठेवा.

या हिशोबाने तुमची तारीख मला पटत नाही. गणपतीनंतर लगेच म्हणजे भिंती अजून ओल्या, परतीचा पाऊस बाकी. दसऱ्याला उद्घाटन करा आणि दिवाळीची सुट्टी धरून पुढे दोन महिने चालवा. भिंती कोरड्या होतील आणि सुट्टीला गावी आलेली पुण्या-मुंबईची माणसंही मिळतील. तारीख हलवता येत नसेल तर प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात बोटभर हवा राहील. आणि जलरंगाची काच कागदाला टेकलेली नको, मध्ये माउंट हवाच. दमट हवेत रंग काचेला चिकटतो आणि मग सोडवताना रंग काचेबरोबर येतो.

कृष्णाकाठी असाल तर आणखी एक. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोक्याची पातळी, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. पावसाळ्यात गोळा केलेली चित्रं ‘तात्पुरती’ म्हणून तळमजल्यावर ठेवू नका. वरचा मजला नसेल तर नदीपासून दूर कुणाच्या तरी घरी ठेवा.

आता किती मांडायचं. 46 चित्रं आणि एवढ्या वस्तू 60 फुटी दालनात बसतील, पण मग ते गोदाम होईल. मी असतो तर 25 ते 28 चित्रं घेतली असती. चित्रकार नाराज होतील, होऊ देत. फारच ओढाताण झाली तर महिन्याने जलरंग बदला, अर्धे पहिल्या महिन्यात आणि अर्धे दुसऱ्या. यात उजेडाचा हिशोबही निम्म्यावर येतो आणि लोकांना दुसऱ्यांदा यायला निमित्त मिळतं.

टांगण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण फ्रेमवाल्याला बरंच माहीत असतं. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर, शाळेची मुलं जास्त येणार असतील तर 135 वर. वरच्या कडा एका रेषेत आणण्याचा हट्ट नको, मध्य एका रेषेत हवा. जुन्या वाड्याची माती-चुन्याची भिंत असेल तर खिळे ठोकूच नका, वर लाकडी पट्टी मारून तिथून तारेने सोडा. प्रत्येक चित्राला दोन हुक, एका हुकावर टांगलेलं चित्र आठवड्यात तिरकं होतं. आणि काच असलेलं चित्र खिडकीसमोर आलं तर बघणाऱ्याला चित्राऐवजी खिडकीच दिसेल.

वस्तूंचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे फ्रेमवाला मदतीला नसतो.

घोंगडीला खिळ्यांनी किंवा चापांनी कोपऱ्यावर धरू नका. ती जड असते, दोन महिन्यांत कोपरे ओढले जातात. पीव्हीसी पाइपवर धुतलेली मलमल गुंडाळा आणि त्यावरून ती अर्धी इकडे अर्धी तिकडे सोडा, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. दुसरं, घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावलेली असते. लोकर आणि खळ, दोन्ही कसरीचं खाद्य. दालनात आणण्याआधी प्रत्येक घोंगडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये उणे 18-20 अंशांवर दोन आठवडे ठेवा. अंडी-अळ्या सगळं मरतं. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरेल. सुपं-टोपल्यांनाही हाच उपाय चालतो, बांबूतून भुंगेऱ्याची पिवळट पावडर गळताना दिसली तर करायलाच हवा. वाद्यं आणि चित्रं मात्र चुकूनही फ्रीजरमध्ये नको. डांबरगोळ्यांवर भिस्त ठेवू नका, त्यांच्या वासाने किड्यांआधी प्रेक्षक पळतात.

तांब्याची भांडी प्रदर्शनाआधी चिंच-मीठ लावून लखलखीत करायचा मोह कोणाला तरी होणार. करू देऊ नका. वापराने आलेला रंग, आतली कल्हई, बुडाचा काळेपणा, हेच तर दाखवायचं आहे. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि हातमोजे घालून उचला, बोटांचे ठसे तांब्यावर आठवड्यात काळे पडतात.

तंबोरे. तुमच्या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे आणि मागच्या वेळी ती कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती असं तुम्हीच लिहिलंय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो येऊन गेले, पण ते बनतं कसं हे सांगली जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मिरजेत या कामाची सुरुवात फरीदसाहेब शिकलगारांपासून सांगतात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली गोष्ट. शस्त्रांना धार लावणारं घराणं वाद्यांकडे वळलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, महिनोन् महिने वाळवावे लागतात. मग कापणं, भिजवून तोंडाला आकार देणं, गळा जोडणं, तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी फळी) बसवणं, दांडी, खुंट्या, नक्षी, पॉलिश. यातला तयार तंबोरा एक पुरे. त्याच्या शेजारी एक नुसता वाळलेला भोपळा ठेवा, एक कापून गळा जोडलेला अर्धवट सांगाडा ठेवा, आणि एक सुटी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, ठेवा.

घोडीबद्दल थोडं थांबून सांगतो. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर घासत, टेकत-सुटत झणकारते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत नेला की एका ठरावीक जागी आवाज एकदम उघडतो. हीच जवारी. कारागीर कानसेचे दोन हात मारतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एक हात मारतो. हे काम डोळ्याने मोजता येत नाही, कानानेच होतं. तुम्ही त्या कारागिराला उद्घाटनाच्या दिवशी आणि नंतर दर रविवारी तासभर बोलवा, मानधन देऊन. मिरज जवळ आहे. तो जवारी लावत असताना लोक गोल करून उभे राहतात आणि ‘केवढ्याला?’ हा प्रश्न येतो तो शेवटी, आणि तेव्हा आकडा ऐकून कोणी नाक मुरडत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरज म्हणून आपण अभिमानाने सांगतो, त्यांच्या गाण्यामागे झणकारणारं वाद्य तयार करणारे हात कोणाचे, हेही एकदा दिसू देत.

ठेवताना तंबोरा भिंतीला टेकवू नका, घसरतोच. भोपळ्याखाली नमदा लावलेलं गोल लाकडी बूड करून घ्या आणि दांडीला वरून पातळ आधार द्या. तारा पूर्ण चढवलेल्या नकोत, थोड्या उतरवून ठेवा, म्हणजे तबलीवर दोन महिने ताण राहणार नाही. दिवा जवळून, गरम होणारा नको, लाकूड-भोपळ्याचा सांधा उष्णतेने सुटतो. एलईडी वापरा, पण रंग नीट दाखवणारा, खोक्यावर सीआरआय 90 किंवा जास्त लिहिलेलं बघून. मुलं भोपळ्यावर टिचकी मारणारच, म्हणून तो सुटा वाळलेला भोपळा ‘हात लावा’ अशी पाटी लावून पुढे ठेवा. ज्याला हात लावता येतो अशी एक वस्तू दिली की बाकीच्या वस्तू बऱ्याच सुरक्षित राहतात.

हेच चित्रांच्या बाबतीतही करा. अर्धवट भोपळा दाखवायचा तर अर्धवट चित्र का नको? एखाद्या चित्रकाराकडून न ताणलेलं कापड, ताणलेली चौकट, अस्तर दिलेला कॅनव्हास, पहिल्या रेघा, असा क्रम मागून घ्या. एक तैलचित्र चौथऱ्यावर असं उभं करा की मागून त्याची पाठ दिसेल: खिळे, पाचरी, चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेली तारीख. चित्रही हाताने घडवलेली वस्तू आहे आणि तंबोऱ्यातही डोकं चालवलेलं आहे, हे कुठल्याही भाषणाशिवाय कळतं.

आता पाट्या. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, बाकी तडजोड चालेल. चित्राची पाटी आणि सुपाची पाटी एकाच आकाराची, एकाच अक्षरात, एकाच क्रमाने हवी: करणाऱ्याचं नाव, गाव, वस्तूचं नाव, वर्ष, साहित्य, कोणाकडून आली. घोंगडी विणणारे सणगर, सूप करणारी बुरूड बाई, मडकी घडवणारा कुंभार, प्रत्येकाचं पूर्ण नाव विचारून, त्यांच्या संमतीने लिहा. जुन्या वस्तूचा कर्ता माहीत नसेल तर ‘कारागिराचं नाव उपलब्ध नाही’ असं स्पष्ट लिहा, जागा रिकामी सोडू नका. उद्घाटनाचं निमंत्रण चित्रकारांना जातं तसंच कारागिरांना जाऊ दे, आणि खुर्चीही पहिल्या रांगेत. त्यांच्या घरची माणसं प्रदर्शनाला येतात, पाटीसमोर फोटो काढतात, शेजाऱ्यांना घेऊन परत येतात. तुमचा प्रेक्षक निम्मा तिथूनच वाढेल.

पाटी फ्लेक्सवर छापू नका, ती चमकते. जाड मळकट-पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, 20 पॉइंटपेक्षा लहान नको, आतल्या मंद उजेडाच्या भागात 24. मजकूर साठ शब्दांत संपवा. ‘आपल्या समृद्ध परंपरेचा वारसा’ वगैरे वाक्यं काढून टाका, त्या जागी ‘ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात’ लिहा. लोक असल्या ओळी वाचतात आणि शेजारच्याला सांगतात.

विक्रीचं काय? मी दालनात किमतीची चिठ्ठी लावत नाही. पण कारागिराच्या पोटावर पाय देणारी शुद्धताही मला मान्य नाही. दालनाबाहेर, व्हरांड्यात, शेवटच्या शनिवार-रविवारी विक्री ठेवा. ज्यांची तयारी असेल त्यांचे फोन नंबर त्यांना विचारून तिथेच लावा. संग्रहालयाने त्यातून कमिशन घ्यावं का, हे तुमच्या ट्रस्टच्या नियमांवर आहे. मी म्हणेन नको.

शेवटी कागदपत्रं, कारण वाड्यातली ती दोन तैलचित्रं तुमची झोप उडवू शकतात. ती शंभर वर्षांहून जुनी असतील तर 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. मालकांकडे नोंदणीचा कागद आहे का, हे आधी विचारा आणि नसेल तर पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारून मगच हलवा. सही रविवर्म्याची असल्याची कुजबुज असेल तर तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय पाटीवर ते नाव लिहू नका. गावागावांत रविवर्म्याच्या नावावर खपवलेली नक्कल आणि जुने छापे पुष्कळ आहेत. रविवर्म्याची चित्रं कलानिधी म्हणून जाहीर झालेली आहेत आणि देशाबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा ते नाव लिहिताना नुसती कौतुकाची नाही, जबाबदारीचीही गोष्ट असते.

कॉपीराइटचंही असंच. चित्र विकत घेतलं म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतो. चित्रकार धुरंधर 1944 मध्ये गेले, बाबूराव पेंटर 1954 मध्ये, त्यांच्या चित्रांना आता ही अडचण नाही. पण हयात चित्रकाराचं चित्र कॅलेंडरवर, पोस्टरवर किंवा कपावर छापायचं असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘घ्या की, आपलंच आहे’ यावर जाऊ नका, छापून झाल्यावर सूर बदलतो.

उसन्या प्रत्येक वस्तूचा एक पानी स्थितीअहवाल करा. समोरून, मागून आणि कडेने तिरका उजेड टाकून फोटो काढा. तिरक्या उजेडात रंगाचे सुटलेले पोपडे, भेगा, जुनी डागडुजी सगळं उठून दिसतं. त्यावर मालकाची आणि तुमची सही. विमा काढायचा तर मालकाच्या भिंतीवरून चित्र निघाल्यापासून पुन्हा त्याच भिंतीवर लागेपर्यंतचा काढा, नुसता दालनापुरता काढला तर टेंपोतला खड्डा तुमच्या खिशातून जातो. बांधताना बबल रॅप रंगाला थेट लावू नका, उन्हात त्याचे गोल ठसे वार्निशवर उमटतात, आधी बटर पेपर. चित्र टेंपोत उभं, चालण्याच्या दिशेला समांतर, आडवं कधीच नाही. परत करायच्या दिवशी तोच अहवाल आणि तेच फोटो घेऊन मालकासमोर वस्तू उघडा, मिळाल्याची सही घ्या आणि मगच टेंपो सोडा.